दादाच्या टेबलावरून उठताना

चेन्नईत हॉस्टेल सोडल्यावर मी राहिले ती एका ज्यू बाईंच्या घरी. नव्या शतकाची पहिली चार-पाच वर्षं उलटली होती. सॉफ्टवेअर कंपनीने पुण्यात ट्रेनिंग देऊन मला थेट इकडे पाठवलं होतं आणि मी लेडीज हॉस्टेलच्या सांबाराला कंटाळले होते. ऑफिसातल्या एका मुलीने सांगितलं की वेलचेरीत तिच्या बिल्डिंगमध्ये एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात, त्यांना खोली द्यायची आहे, आणि त्या मराठी बोलतात.

दार उघडलं तेव्हा समोर सुती नऊवारी नाही, गुंडाळून नेसलेली साधी पाचवारी, हातात काचेच्या बांगड्या, आणि अलिबागकडचा हेल. "ये बाय, चपला आत घेऊन ये, बाहेर ठेवल्यास तर कुत्रं नेतं." दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी ठोकलेली एक लाकडी डबी होती. मला वाटलं, ख्रिश्चन असतील. त्यांनी आत येताना डबीला बोटं लावून ओठांशी नेली आणि मी विचारायच्या आधीच सांगितलं की आम्ही बेने इस्राएल. शेकडो वर्षं कोकणात राहिलेले ज्यू. डबीत आमच्या प्रार्थनेचा कागद असतो. मासळी खातो पण खवल्यांचीच, मटण आणि दूध एका जेवणात नाही, आणि शनिवारी मी गॅस पेटवत नाही, तुझा चहा तू कर.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्या नर्स होत्या, मुंबईत शिकलेल्या. लग्नानंतर मद्रासला आल्या कारण यजमान रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा इस्राएलमध्ये बस चालवायचा आणि दर आठवड्याला फोनवर, आई, आता इकडे ये, म्हणायचा. मावशी दर आठवड्याला बघू म्हणायच्या. हॉस्पिटलात आयुष्य गेल्याने त्यांचं तमिळ झणझणीत होतं. भाजीवाला त्यांना वचकून असे. मला मात्र सहा महिने होऊनही 'किती' आणि 'नको' यापलीकडे तमिळ येत नव्हतं. बसमध्ये, दुकानात, शेअर ऑटोत माझा सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालायचा.

आता घरचं सांगायला हवं. आम्ही कऱ्हाडचे. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर. मला एक दादा होता, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आणि शाळेत कायम पहिला. अकरावी सायन्सला असताना त्याला मेंदूज्वर झाला आणि आठवड्याभरात तो गेला. मी सहावीत होते. घरात कोणी कोणाशी बोलेना. आई ओट्याशी उभी राहायची आणि गॅस पेटवायलाच विसरायची. अशाच एका संध्याकाळी मी दादाच्या टेबलाशी जाऊन बसले आणि माझा अभ्यास करू लागले. बाबा दारात आले, माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा म्हणाले, "जेवायला चला."

मी त्या टेबलावरून पुढची सगळी वर्षं उठलेच नाही, असं म्हटलं तरी चालेल. दादा इंजिनियर होणार होता, म्हणून मी झाले. गणितात मी बरी होते, हुशार नव्हते. जे त्याला एकदा वाचून कळायचं त्यासाठी मी चार वेळा घोकायचे. कोणी मला त्यासाठी कधी बोललं नाही. मला बोर्डाच्या परीक्षेत जरा कमी मार्क पडले तरी आई म्हणायची, छान आहेत, आणि त्या 'छान'च्या मागे मला दादाचे मार्क ऐकू यायचे. नोकरी लागल्यावर बाबांनी पेढे वाटले. चेन्नईतल्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. फक्त रविवारी दुपार कलली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही.

मावशींच्या घरात शुक्रवारची संध्याकाळ मला आवडायची. दिवस मावळायच्या आत त्या दोन दिवसांचा स्वयंपाक उरकून, आंघोळ करून, काचेच्या पेल्यात पाणी आणि वर गोडं तेल घालून तरंगती वात लावायच्या. डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटायच्या. मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, त्यांना कुठलीच घाई नसे. एवढी कामसू बाई, पण शनिवारी खुर्चीत बसून राहायची. आमचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक शनिवारचंच.

अशाच एका शनिवारी ऑफिसने आम्हाला समाजकार्याला नेलं. कंपनीचे जुने कॉम्प्युटर गिंडीकडच्या एका मूकबधिर मुलांच्या शाळेला द्यायचे होते. आम्ही ते जोडून द्यायचे, फोटो काढायचा आणि परत यायचं, असा बेत. मी टेबलाखाली वायर लावत होते तेव्हा एक आठेक वर्षांची मुलगी वाकून माझ्यापुढे आली आणि हातांनी विचारलं, काय करतेस? मी हातांनी सांगितलं, की हे शेपूट भिंतीत घातलं की हा खोका जागा होतो. ती खुदकन हसली आणि इतरांना बोलावून आणलं. तासाभराने माझे सहकारी निघाले तेव्हा मी खाली जमिनीवर बसून पाच-सहा पोरांना बेरजेतला हातचा शिकवत होते. पुस्तकात हातचा म्हणजे वर लिहिलेला एक बारीक आकडा असतो. मी तो खरोखर मुठीत धरला, शेजारच्या दशकाच्या घरात नेऊन ठेवला, आणि एका मुलाने माझी मूठ उघडून आत आहे का पाहिलं.

तिथल्या शिक्षिका मला इंग्रजीतून म्हणाल्या, पाहुणे येतात ते मुलांशी मोठमोठ्याने बोलतात. न बोलणारी तुम्ही पहिलीच. मी त्यांना खरं ते सांगितलं, की मला तमिळ येत नाही, या शहरात मी सगळ्यांशी अशीच बोलते. त्या हसल्या आणि पुढच्या शनिवारी या म्हणाल्या. मी गेले. मग जातच राहिले. परतताना कितीही गर्दी असली, ऑटोत अंग आखडून बसावं लागलं, तरी मला भूक लागलेली असायची. तशी भूक मला लहानपणी खेळून आल्यावर लागायची.

मावशींना माझ्यातला हा फरक दिसला असावा. एका शनिवारी दुपारी त्यांनी विचारलं, मग तू ऑफिस कशाला करतेस? मी म्हटलं, तसं ठरलेलं आहे. कोणी ठरवलं, असं त्यांनी विचारल्यावर मी दादाचं सांगायला लागले. चेन्नईत मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. तो कसा होता, वर्गात कसा पहिला यायचा, काय होणार होता, आणि त्याच्या जागी मी कशी कमी पडते, हे सगळं सांगून झालं. तेव्हा मावशी म्हणाल्या, "भावाचं कळलं. तुझं काहीच सांगितलं नाहीस."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मुलाने तिकडे कोणा गुरूकडून ऐकलेली आणि फोनवर आईला सांगितलेली. युरोपात फार पूर्वी एक गुरू होते, साधे, गरीब. मरणाच्या दारात असताना ते रडू लागले. शिष्यांना नवल वाटलं. म्हणाले, तुम्ही तर इतके चांगले वागलात, आपल्या लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून सोडवणाऱ्या त्या थोर प्रेषिताच्या जवळपास पोचलात, तुम्हाला कसली भीती? तेव्हा गुरूंनी सांगितलं, की वर गेल्यावर मला तो प्रेषित का झाला नाहीस असं कोणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की तू स्वतः जो होतास तो का झाला नाहीस? त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मला ती गोष्ट आवडली नाही. म्हणजे इतकी वर्षं मी घोकलं, आईबाबांना उभं ठेवलं, ते सगळं फुकट गेलं, असं ही बाई सांगते आहे, असं मला वाटलं. मी जरा तुटकच बोलले. म्हटलं, तुमच्या गुरूंचं ठीक आहे, त्यांना स्वतःपुरतं बघायचं होतं. माझ्या दादाला तर काही व्हायला मिळालंच नाही. त्याचं कोणीतरी पुरं करायला नको?

मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, आमच्या सिनेगॉगमध्ये लहानपणी एक हझान होते, प्रार्थना सांगणारे. ते म्हणायचे, राजा एका साच्यातून हजार नाणी पाडतो, सगळी सारखी. देवाने सगळी माणसं त्या पहिल्या माणसाच्या साच्यातून पाडली, पण एकासारखं दुसरं नाही. मी हॉस्पिटलात बाळांच्या वॉर्डात होते. लोक म्हणायचे, सगळी बाळं सारखीच दिसतात. मला कधी दिसली नाहीत. एखादं जायचं. मग त्या पाळण्यात दुसरं यायचं. पण दुसऱ्याला मी पहिलं कधी समजले नाही. समजले असते तर दोघांवरही अन्याय झाला असता."

मी उठून माझ्या खोलीत गेले. पुढचे काही दिवस आम्ही जेवणापुरतंच बोललो.

मावशींच्या यजमानांचा स्मृतिदिन त्याच सुमारास आला. त्यांच्यात मृतासाठी म्हणायची एक प्रार्थना आहे, आणि ती म्हणायला दहा पुरुष हजर लागतात. चेन्नईत तेवढे जमत नव्हते. मावशींनी ओळखीच्या दोन-तीन घरी फोन केले आणि मग नाद सोडून दिवा लावला. मी विचारलं, नऊ असले तर? त्या म्हणाल्या, नऊ मोठे पंडित असले तरी होत नाही. आणि दहावा आला की होतं, मग तो मासे विकणारा का असेना. त्याला कोणी विचारत नाही की तुला किती येतं. तो आला, एवढं पुरतं. हे त्यांनी मला शिकवायला म्हणून सांगितलं नव्हतं. त्या नवऱ्याच्या आठवणीत होत्या. पण गुरूंच्या गोष्टीपेक्षा मला ते जास्त लागलं. दादा असता तर घरात दोघं असतो, आणि दोघांची मोजदाद वेगवेगळी झाली असती, हा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाबा चार दिवसांसाठी चेन्नईला आले. आईला बरं नव्हतं म्हणून एकटेच आले. ते पोचले आणि मागोमाग पाऊस. तिकडे खरा पाऊस तेव्हाच, दिवाळीच्या पुढेमागे. शुक्रवारी दुपारपर्यंत वेलचेरीचे रस्ते गेले. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यात गुडघ्याच्या वर पाणी आलं, वीज गेली, फोन गेले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो म्हणून कोरडे. बाबा गॅलरीत उभे राहून पाणी कुठून येतंय आणि त्याला जायला वाट का नाही हे मला बारकाईने समजावून देत होते. हे सगळं तळ्यात बांधलेलं दिसतंय, म्हणाले. पाणी आपल्या घरी परत आलंय, बाकी काही नाही.

मावशींनी त्याही दिवशी वेळेवर वात लावली. त्या शुक्रवारी सबंध बिल्डिंगमध्ये स्वस्थ बसलेलं तेवढं एकच घर असावं. शनिवारी सकाळी खाली होडी फिरत होती, वरून लोक दोरीला पिशवी बांधून दूध घेत होते. वीज नाही, टीव्ही नाही, ऑफिस नाही. मावशी बाबांना म्हणाल्या, आज साऱ्या वेलचेरीचा शब्बाथ आहे, बसा निवांत. बाबा बसले. बाबांना निवांत बसता येत नाही. ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले.

तेव्हा मावशींनी त्यांना सरळ विचारलं, "तुमचा मुलगा कसा होता?"

मी दचकले. आमच्याकडे हे कोणी विचारत नसे. नातेवाईक विषय निघाला तर दुसरं काही काढायचे. बाबांनी बोटं थांबवली. मला वाटलं, उठून जातील. पण ते बोलायला लागले, आणि कितीतरी वेळ बोलत राहिले. दादा सायकलवर हात सोडून कसा यायचा, कारली खायचा, आईशी कशावरून भांडायचा. मला आठवणारा पहिल्या नंबरचा दादा त्यात फार थोडा होता. मग बाबा थांबले, आणि खाली बघत म्हणाले, "त्याला इंजिनियर व्हायचं नव्हतं."

मी म्हटलं, काय?

दहावीनंतर दादाने सांगितलं होतं की त्याला शेतकी कॉलेजला जायचं आहे. झाडं, रोपं, कलमं, त्याला त्यातच गोडी होती. बाबांनी नाही म्हटलं होतं. एवढे मार्क वाया कशाला घालवायचे, म्हणाले होते. दादा फार वाद घालणारा नव्हता. गप्प बसला. आणि काही महिन्यांनी आजारी पडला. हे आईला ठाऊक होतं, मला नव्हतं. बाबा म्हणाले, त्यावर त्याच्याशी पुन्हा बोलायचं राहिलं, हे एवढं माझ्या मनात आहे.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याच्या टेबलाशी जाऊन बसलीस," बाबा म्हणाले. "आम्हाला वाटलं, हिला यात आधार मिळतोय. उठवलं तर मोडेल. पुढे वाटायला लागलं, हिला आवडतंय."

"मला वाटलं तुम्हाला आवडतंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं आम्ही दोघं एकाच वेळी हसायला लागलो, आणि मग बाबांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पण ते हसतच होते. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी तिथे बसले होते आणि ते माझ्यासाठी मला बसू देत होते. मावशी उठून स्वयंपाकघरात गेल्या. शनिवारी त्यांना तिथे काही काम नव्हतं.

मग मी बाबांना शाळेचं सांगितलं. हातच्याची बेरीज मुठीत धरून दाखवली. मूकबधिर मुलांना शिकवायचा एक शिक्षणक्रम असतो, पदवी असली की प्रवेश मिळतो, हे मी गुपचूप विचारून ठेवलं होतं तेही सांगितलं. बाबांनी पहिला प्रश्न अगदी ओव्हरसियरचा विचारला, की शिकताना भागणार कसं. मी म्हटलं, शिल्लक आहे थोडी. मावशी आतूनच म्हणाल्या, खोलीची काळजी नको. बाबा गॅलरीत गेले, पाणी किती उतरलं बघून आले आणि म्हणाले, "कर मग. पण राजीनामा नीट दे, भांडून येऊ नकोस."

पाणी उतरायला आणखी दोन दिवस लागले. ती रविवारची दुपार मी ढाराढूर झोपून काढली. उठले तेव्हा पोट दुखत नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. पुढच्या की त्याच्या पुढच्या रविवारी आलं.

सगळं लगेच सोपं झालं नाही. वर्गात माझ्याहून लहान मुली होत्या आणि सगळ्यांना तमिळ येत होतं. मुलांच्या खुणा मला चटकन समजायच्या, पण कानाच्या रचनेचा पेपर मी घोकूनच पास केला. घोकायची सवय तेवढी कामी आली. ऑफिसातल्या साहेबांनी राजीनामा वाचून वर बघितलं आणि तुझा हेवा वाटतो म्हणाले. मला वाटलं होतं, समजावत बसतील. आईने फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला भीती वाटायची की तू कधीतरी फार दमशील.

शिक्षणक्रम संपल्यावर त्याच शाळेत मला घेतलं. मूकबधिर मुलं माणसाला खुणेचं नाव देतात. ते आपण मागायचं नसतं, ठरवायचं नसतं, ती बघून बघून देतात. माझं नाव पहिल्या महिन्यातच पडलं. खडूने हात भरलेले असतात म्हणून मी चष्मा मनगटाने वर सरकवते. मनगट नाकाच्या शेंड्याशी नेलं की मी. आईने फोनवर विचारलं, मुलं तुला काय म्हणतात, आणि मला ते शब्दांत सांगायला फार प्रयास पडले. शेवटी ती म्हणाली, थांब, चष्मा आणते.

नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मावशींनी सांगितलं की त्यांनी माझ्यासाठी मालिदा बोलला होता. त्यांच्यात नवस फेडायचा असा प्रसाद असतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सोललेली फळं. आईबाबा दोघंही आले. यजमानांच्या कारखान्यातले एक वृद्ध स्नेही आले, तेही ज्यू, पण मराठी नव्हेत; त्यांनी प्रार्थना म्हटली. इतर कोणी नव्हतं, आणि या प्रार्थनेला दहाजण लागत नाहीत असं मावशींनी मला खुलासेवार सांगितलं. आई मावशींना मालिद्याचं प्रमाण विचारत होती. बाबा ताटलीतल्या केळ्याची जात कुठली यावर त्या वृद्ध गृहस्थांशी बोलत होते, ते गृहस्थ हिंदीत आणि बाबा मोडक्या इंग्रजीत. मी दुसऱ्यांदा पोहे घेतले. मावशी म्हणाल्या, "खा गं, तुझाच आहे तो."